‘गेट’ म्हणजे नेमकं काय? आत्या आणि ताईचा वाद

आमच्या घरात एका इंग्रजी क्रियापदावरून दोन तट पडले आहेत. क्रियापद आहे ‘गेट’. फाटक या अर्थाने आपण रोज वापरतो तो शब्द नव्हे. ‘गेट अप’, ‘गेट आउट’, ‘गेट वेल सून’ यांतला. एका बाजूला आत्या. कऱ्हाडजवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तिने उभी हयात इंग्रजी शिकवलं. दुसऱ्या बाजूला ताई, माझी थोरली बहीण. ती मुंबईत इंग्रजी चित्रपटांची आणि मालिकांची मराठी सबटायटलं लिहिते. आत्याचं म्हणणं असं की, या शब्दाचा अर्थ मुळात एकच आहे आणि तो नीट कळला की बाकीचे त्यातूनच उलगडतात. ताईचं म्हणणं असं की, एक अर्थ वगैरे काही नसतो. असतात ते वापर, आणि ते एकेक करूनच शिकावे लागतात. मला हा वाद किरकोळ वाटत नाही. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी वाचता येणारी पण ऐकताना गडबडणारी जी असंख्य मुलं आहेत, त्यांचं यात काहीतरी अडकलेलं आहे. म्हणून दोघींचं बोलणं इथे मांडतो. मधूनमधून माझं मतही येईल.

ताई : आत्या, ‘आय गॉट यू’ याचं मराठी कर बघू.

आत्या : कोण कुणाला म्हणतंय, ते आधी सांग.

ताई : झालं! माझी बाजू तूच मांडलीस. कड्यावरून घसरणाऱ्याचा हात धरून मित्र असं म्हणतो, तेव्हा मी लिहिते, ‘धरलंय तुला’. आई गेल्यावर रडणाऱ्या मुलीला मैत्रीण जवळ घेऊन म्हणते, तेव्हा ‘मी आहे ना’. थट्टा करून कुणी टाळी मागतं, तेव्हा ‘कसं फसवलं!’ आणि समोरचा फारच पाल्हाळ लावतो, ऐकणारा त्याला थांबवतो, तेव्हा ‘कळलं रे’. शब्द तेच तीन. मराठी वाक्यं चार, आणि एकाच्या जागी दुसरं टाकलं तर प्रसंगाचा विचका होतो. यात तुझा तो एक अर्थ कुठे आहे?

आत्या : चारही ठिकाणी आहे. हाती येणं. पहिल्यात हात हाती आला, दुसऱ्यात माणूस आधाराला आला, तिसऱ्यात माणूस तावडीत आला, चौथ्यात बोलणं ध्यानात आलं. तू चार वाक्यं लिहितेस, कारण मराठीला इथे चार लागतात. तेवढ्यावरून इंग्रजी माणसाच्या डोक्यातही चार खण आहेत, असं सिद्ध होत नाही.

ताई : आणि पाचवीतल्या मुलाला हे तू कसं सांगायचीस? ‘गेट म्हणजे मिळणे’?

आत्या : तसं मी कधीच सांगितलं नाही. फळ्यावर तीन वाक्यं लिहायची. ‘शी गॉट अ लेटर’, ‘शी गॉट होम’, ‘शी गॉट वेट’. पहिल्यात, जे हाती नव्हतं ते आलं. दुसऱ्यात, जिथे ती नव्हती तिथे आली. तिसऱ्यात, जशी नव्हती तशी झाली. मुलांना सांगायचे, ‘नव्हतं ते झालं’ एवढंच लक्षात ठेवा आणि गेटच्या पुढे काय येतं ते पाहा. वस्तू आली तर मिळणं, जागा आली तर पोहोचणं, गुण आला तर होणं. मग ‘गेट डार्क’, ‘गेट ओल्ड’, ‘गेट अँग्री’ हे त्यांनी पुस्तकात कधी पाहिलेलं नसलं तरी त्यांना लावता यायचं. तुझ्या पद्धतीने गेलं तर प्रत्येक वाक्य नव्याने पाठ.

ताई : ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’. आता सांग. भाऊ बोलणाऱ्या मुलीच्या जन्माआधीपासून घरात आहेत. नव्हतं ते काय झालं?

आत्या : ‘हॅव गॉट’ म्हणजे मुळात ‘मिळवून झालेलं आहे’. मिळवून झालं म्हणजे आता जवळ आहे. आपण म्हणतोच की, ‘तो झोपला आहे’. झोपण्याची क्रिया केव्हाच झाली, राहिली ती अवस्था. इंग्रजीत तेच झालं.

ताई : झालं असेल. पण आज ते वाक्य बोलणाऱ्याच्या मनात मिळवण्याचा मागमूस नसतो. अमेरिकन माणसाला विचार. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली. तो दोन रूपं वेगळी ठेवतो, कारण त्याच्या लेखी ते दोन शब्द झालेले आहेत.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ‘गॉटन’वर आपल्याकडे फार अन्याय होतो. वहीत ते दिसलं की त्याखाली लाल रेघ येते, आणि अमेरिकनांनी बिघडवलेलं इंग्रजी म्हणून नाक मुरडलं जातं. खरं तर ते रूप जुनं आहे. इंग्लंडमध्ये १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ते आहे. सतराव्या शतकात इंग्रज अटलांटिकपलीकडे गेले ते हे रूप सोबत घेऊन. तिकडे ते टिकलं, आणि मायदेशातल्या प्रमाण बोलीतून मागे पडलं. ब्रिटिश माणूस आजही ‘फरगॉटन’ म्हणतोच. चुकीच्या मार्गाने मिळवलेल्या संपत्तीला तो ‘इल-गॉटन’ म्हणतो. म्हणजे इथे मूळ घर सोडून गेलेल्यांनी घरची वस्तू जपली. त्रिनिदादमधली भोजपुरी किंवा तंजावरची मराठी ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

आत्या : बरं, ‘फरगॉटन’चं नाव निघालंच आहे तर ऐक. गेट हा शब्द इंग्रजीचा घरचा नाहीच. इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला नवव्या शतकापासून व्हायकिंग लोक येऊन राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘गेटा’ हे क्रियापद. अर्थ, धरणं, मिळवणं. ‘दे’, ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’ हेही त्यांच्याकडूनच आले. जुन्या इंग्रजीत याचा भाऊबंद होता, पण तो एकटा सहसा यायचा नाही, उपसर्ग लावूनच यायचा. त्यातलाच एक ‘फरगेट’, म्हणजे धरलेलं सुटणं. तसाच उपसर्ग लागलेला आणखी एक शब्द होता, तो उमगणं या अर्थाने वापरत. तेव्हा ‘आय गेट इट’मध्ये कळणं आहे, ते आजच्या पोरांनी घुसडलेलं नाही. धरणं आणि कळणं यांची सोयरीक हजार वर्षांपूर्वीही होती. अजून मागे जा. लॅटिनमधलं ‘प्रेहेंडेरे’, म्हणजे पकडणं, त्याच मुळातून आलं असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यापासून ‘कॉम्प्रिहेन्शन’. परीक्षेत उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारतात ना, तेच. गावात ‘गेट’ आणि शहरात ‘कॉम्प्रिहेंड’, पण कूळ एक.

ताई : ऐकायला सुरेख आहे. पण बोलणाऱ्याला कूळ माहीत नसतं, आणि माहीत नसल्याने त्याचं काही अडत नाही. लंडनच्या बसमध्ये बसलेली सहा वर्षांची मुलगी ‘गेट’ अचूक वापरते, आणि तिने नॉर्सचं नावही ऐकलेलं नसतं. तिने काय केलेलं असतं? तिने ते शेकडो वेळा ठरावीक शब्दांच्या सोबतीत ऐकलेलं असतं. जे. आर. फर्थ नावाचे भाषाशास्त्रज्ञ हेच सांगून गेले की, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. पुढे त्यांच्याच विचाराने चालणाऱ्या जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅममध्ये खऱ्याखुऱ्या वापरातली वाक्यं संगणकात साठवून एक कोश रचला. १९८७ चा ‘कोबिल्ड’. त्यात शब्दाचा अर्थ शब्दाने दिलेला नाही, पूर्ण वाक्याने दिला आहे. अर्थ वाक्यात राहतो, शब्दात राहत नाही, हे त्यांनी मान्य केलं.

आत्या : मग कोशकारांनी अर्थ मोजले कशाला? ऑक्सफर्डच्या कोशात ‘सेट’ या क्रियापदाची नोंद साठ हजार शब्दांची होती म्हणे.

ताई : १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत. अर्थ चारशे तीसच्या आसपास. आता तिला ‘रन’ने मागे टाकलंय. पीटर गिलिव्हर या संपादकाने ती एक नोंद नव्याने लिहायला नऊ महिने घेतले आणि क्रियापदाचे सहाशे पंचेचाळीस अर्थ नोंदले. नदी धावते, यंत्र धावतं, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, रंग ओला होऊन पसरतो, दुकान चालवलं जातं, नाक वाहतं. सगळीकडे ‘रन’. गेटही त्याच बिरादरीतलं. ही सगळी क्रियापदं बघ, लहान, जुनी, घरगुती. लांब शब्दांच्या वाट्याला एवढे अर्थ कधी येत नाहीत.

आत्या : सहाशे पंचेचाळीस हा आकडा मला काही पटवून देत नाही. कोशकाराला रकाने पाडावेच लागतात, तो त्याचा धर्म. आपल्याकडे संस्कृतच्या धातुपाठात सुमारे दोन हजार धातू आहेत आणि प्रत्येकापुढे एखादाच अर्थ ठेवलेला आहे. धातूंना अनेक अर्थ असतात, हे आपल्या वैयाकरणांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं, त्यांनी ते स्पष्ट मान्यही केलंय. तरी पाठाला एकच अर्थ ठेवला. कारण शिकणाऱ्याला पाय ठेवायला एक जागा लागते.

आत्याचा हा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. धातुपाठ पाठ करणारा विद्यार्थी संस्कृत ऐकत-बोलत वाढत होता. त्याला वापर आधी माहीत होता, सूत्र नंतर आलं. आपल्या शाळेत उलटं आहे. सूत्र आधी मिळतं, आणि वापर बहुतेकांच्या कानावर कधी पडतच नाही.

ताई : आत्या, तुझ्या ‘नव्हतं ते झालं’ने मी तुला दोन वाक्यं देते, ती सोडव. ‘ही गॉट टु गो’. आणि ‘ही हॅज गॉट टु गो’.

आत्या : पहिलं... त्याला जायला मिळालं.

ताई : आणि दुसरं?

आत्या : त्याला जावं लागणार.

ताई : एका ‘हॅज’ने संधीची सक्ती झाली! पहिल्यात तो खुशीत आहे, दुसऱ्यात नाइलाज आहे. हे कुठल्या मुळातून काढशील? ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून सवरून मोकळं सुटणं. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं. ‘गेट अॅट’ म्हणजे आडून सुचवणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग अॅट?’ हे ऐकून तुझा हुशारातला हुशार विद्यार्थी ‘तू काय मिळवतोयस?’ असंच म्हणणार. मागे वळून पाहिलं की प्रत्येकाचं मूळ दिसतं, हे खरं. पण पुढे चालताना त्या मुळाचा उपयोग होत नाही.

आत्या : आणि तुझ्या संगतीचा होतो? ‘गेट ओव्हर’ पाठ केलं म्हणून ‘गेट अराउंड’ येईल? मूळ हाती असेल तर निदान अंदाज बांधता येतो. ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडे. दुःख मध्ये आहे, त्याच्या पलीकडे पोहोचला. सावरला. दिसलं का, माझी मुलं हे काढायची.

ताई : काही काढायची. बाकीची चुकायची, आणि चुकली की गप्प बसायची.

इथे दोघी क्षणभर थांबल्या, कारण वाद शब्दावरून मुलांवर आला होता. तो तिथे यायलाच हवा होता.

आत्या : निबंधात मात्र मी गेट खोडायचे. अजूनही खोडीन. ‘आय गॉट अ प्राइझ’ नाही, ‘आय रिसीव्ह्ड अ प्राइझ’. अर्जात ‘गेट’ लिहिलेलं शोभत नाही. ‘ऑब्टेन’ लिही.

ताई : ही खोड इंग्रजांच्या पंतोजींकडून आलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला फिलिप विदर्स नावाच्या लेखकाने ‘अॅरिस्टार्कस’ या पुस्तकात गेटची खिल्ली उडवायला एक आख्खं पत्र रचलं होतं. एक माणूस कँटरबरीमार्गे लंडनला जातो. घोड्यावर बसतो, भिजतो, सर्दी धरतो, दाढी करवून घेतो, कचेरीत अर्ज पुढे सरकवतो, जेवतो, झोपतो, उठतो, घरी परततो, आणि प्रत्येक क्रियेला ‘गॉट’. वाचणाऱ्याला तो शब्द नकोसा व्हावा, हा हेतू. मला मात्र ते पत्र वाचून उलटंच वाटलं. एका शब्दावर माणसाचा पूर्ण प्रवास तोलला गेला आणि एकही वाक्य कळायला जड गेलं नाही.

आत्या : त्याने लिहिलेलं कळलं, कारण तू ते शब्द ऐकत मोठी झालीस. शहरात, इंग्रजी चित्रपट बघत. माझ्या वर्गातल्या मुलांकडे काय होतं? पाठ्यपुस्तक आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला. त्यांना ‘ऑब्टेन’ देणं म्हणजे त्यांच्या हाती असं काहीतरी देणं, जे कोशात पाहिलं की पुरतं कळतं. ऑब्टेनला रोजच्या वापरात एकच अर्थ आहे, रिसीव्हलाही फार तर दोन-चार. मोठे शब्द गरिबाच्या मुलाशी प्रामाणिक असतात. त्यांना घरी इंग्रजी बोलणारे आईबाप लागत नाहीत. छोटे शब्द दगा देतात. कोशात बघायला जावं तर पानंच्या पानं, आणि हवं ते त्यात सापडेल तेव्हा खरं.

आत्याचं हे बोलणं या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं आहे, असं मला वाटतं. आपण मुलांना ‘अवघड शब्द’ म्हणून लांब शब्दांची यादी देतो. लॅटिन-फ्रेंचमधून आलेले ते शब्द दिसतात भारदस्त, पण असतात सरळ. अवघड आहेत ते ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘रन’. मराठी शाळेतून शिकून पदवी घेतलेला मुलगा ‘आय शॅल ऑब्टेन द डॉक्युमेंट’ निर्धास्त लिहितो. पुढे नोकरीसाठी फोन येतो. पलीकडून ‘वी विल गेट बॅक टु यू’ असं वाक्य येतं, आणि आपण निवडले गेलो की नाकारले गेलो, हे त्याला कळत नाही. व्याकरणात तो कुठेच कच्चा नाही. त्याच्या कानावर तो शब्द त्या प्रसंगात कधी पडलेलाच नाही, एवढंच. इंग्रजी येणाऱ्या घरातली आणि न येणाऱ्या घरातली मुलं जिथे वेगळी पडतात, ती रेघ लांब शब्दांवरून जात नाही. ती या तीन अक्षरांवरून जाते.

चार्ल्स ऑग्डेन या इंग्रज विद्वानाची गफलतही इथेच झाली. १९३० साली त्यांनी ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. साडेआठशे शब्दांत सगळं इंग्रजी. क्रियापदं फक्त अठरा, त्यांत गेट. ‘एंटर’ नको, ‘गेट इन’ म्हणा. ‘रिकव्हर’ नको, ‘गेट वेल’ म्हणा. जगभरच्या परक्या शिकणाऱ्यांना हे सोपं जाईल, असा हिशेब. शब्द कमी झाले, पण प्रत्येक शब्दावरचं ओझं वाढलं. ज्याला ‘एंटर’ एकदा पाठ करून भागलं असतं, त्याला आता ‘गेट’ आणि ‘इन’ यांची सगळी नाती शिकावी लागणार. इंग्रजी ज्याच्या कानात आधीपासून आहे, त्यालाच हे सोपं वाटू शकतं.

ताई : हे मी मान्य करते. पण मग उपाय काय? छोटे शब्द टाळायचे? मुलगा जन्मभर ‘ऑब्टेन’च म्हणत राहील आणि लोक त्याला सरकारी कागद समजतील.

आत्या : टाळायचे कोण म्हणतंय? मी म्हणते, मुळापासून शिकवा.

ताई : आणि मी म्हणते, वापरातून. पण आपण दोघीही एक गोष्ट विसरतोय. आपल्या पोरांना असं क्रियापद परकं नाही. त्यांच्या तोंडात ते रोज आहे.

आत्या : कुठलं?

ताई : ‘लागणे’.

यानंतर जवळजवळ तासभर आम्ही तिघंही वाद विसरून नुसती वाक्यं सांगत बसलो. भूक लागली. नोकरी लागली. आग लागली. झाडाला आंबे लागले. विहिरीला पाणी लागलं. ठेच लागली. डुलकी लागली. निकाल लागला. टॉकीजला नवा सिनेमा लागला. फलाटावर एसटी लागली, आणि घाटात कुणाला तरी एसटी लागली. भाजी खारट लागते. तो माझा मामा लागतो. किती वेळ लागेल? ती रडायला लागली. मला जावं लागलं. मला चहा लागतोच. त्याच्या नादी लागू नकोस. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशापासून पुढच्या प्रत्येक कोशकाराला या शब्दाने कामाला लावलं आहे. आणि पाच वर्षांचं मराठी पोर यातलं एकही चुकत नाही.

आत्या : ‘लग्’ला धातुपाठात अर्थ दिलाय ‘संग’. चिकटणं, स्पर्श होणं. बघ, भूक येऊन चिकटते, नोकरी चिकटते, पाय दगडाला चिकटतो. मूळ एकच!

ताई : आणि मामा?

आत्या : नात्याने जोडलेला. तोही चिकटलेलाच.

ताई : तू ते आता काढलंस. लहानपणी ‘मामा लागतो’ शिकताना तुझ्या मनात चिकटणं नव्हतं. पण ते राहू दे. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. गेटच्या किती जागा लागणे भरून काढतं बघ. ‘आय गॉट अ जॉब’, नोकरी लागली. ‘आय गॉट हंग्री’, भूक लागली. ‘आय गॉट हर्ट’, मला लागलं. ‘दे गॉट टॉकिंग’, ते बोलायला लागले. ‘गेट टु वर्क’, कामाला लाग. ‘आय हॅव गॉट टु गो’, जावं लागतंय. आणि ‘आय गॉट हिम टु स्टडी’, मी त्याला अभ्यासाला लावलं. लागणेचं प्रयोजक रूप लावणे! ‘मिळणे’ म्हणून जे शिकवलं जातं, त्यात यातली निम्मीही वाक्यं बसत नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकाने चुकीचा शब्द हाती दिला.

आत्या : पण सगळीकडे चालणार नाही. ‘वेळ लागतो’ला इंग्रजीत गेट नाही, ‘टेक’ येतं. ‘खारट लागतं’ला ‘टेस्ट’. आणि ‘आय गॉट होम’ला मराठीत लागणे चालत नाही, पोहोचणे हवं. आणि अजून एक, यात मोठा खड्डा आहे. मराठीत ‘मला भूक लागली’. भूक कर्ता, मी ‘ला’ लावून बाजूला. इंग्रजीत ‘आय गॉट हंग्री’, मी पुढे उभा. तू नुसतं लागणे म्हणजे गेट सांगितलंस, तर मूल लिहील ‘हंगर गॉट मी’. असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत.

ताई : मग तेच शिकवायचं ना! तोच धडा आहे. मराठीत माणसावर गोष्टी येऊन लागतात. भूक, झोप, वेड, थंडी, उशीर. इंग्रजीत त्याच गोष्टींना माणूस जाऊन पोहोचतो, निदान वाक्यात तरी. तो भुकेला होतो, थंड होतो, वेडा होतो. ‘ही गॉट किल्ड’मध्ये मारला गेलेलाही कर्त्याच्या जागी बसतो. त्याने काहीच केलेलं नसतं, तरी वाक्य त्याचं असतं. ‘ही वॉज किल्ड’ ही बातमी आहे. ‘ही गॉट किल्ड’मध्ये त्याच्यावर काय ओढवलं, याची बोलणाऱ्याला लागलेली कळ आहे. हे मुलाला स्वतःच्या भाषेच्या शेजारी ठेवून दाखवलं, तर ते कायमचं कळेल.

आत्या : हे मला मान्य. पण मूळ सांगितल्याशिवाय नाही.

ताई : आणि वाक्यं ऐकवल्याशिवाय नाही.

एक गोष्ट मात्र दोघी एकमताने सांगतात. भारतीय इंग्रजीला हसण्याचं कारण नाही. आपल्याकडे प्रवासी कंडक्टरला ‘आय वाँट टु गेट डाउन अॅट स्वारगेट’ म्हणतो. ब्रिटनमध्ये बसमधून ‘गेट ऑफ’ होतात आणि मोटारीतून ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, बोट, त्यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. ज्यात वाकून बसावं लागतं, त्या मोटारीला ‘इन’ आणि ‘आउट’. आपल्याला दोन्हींतून ‘उतरायचं’ असतं, म्हणून आपण ‘डाउन’ लावलं. परक्या देशात गेलेल्या मुलाने तिथली रीत शिकावी, ते त्याच्या सोयीचं आहे. पण इथे, आपल्या बसमध्ये, ‘गेट डाउन’ सर्वांना कळतं आणि सर्व जण उतरतात. जो शब्द नॉर्सवाल्यांकडून इंग्रजांनी घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे वाकवला, तो आपणही थोडा वाकवला, तर त्यात भाषेचं काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पूर्वी ते पाचवीपासून असायचं. वर्षं वाढली. पण ‘गेट म्हणजे मिळणे’ हे समीकरण अजून अनेक वह्यांत तसंच आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. गेटचा धडा सुरू करण्याआधी एक तास ‘लागणे’ला द्या. पोरांना घरून वाक्यं गोळा करून आणायला सांगा. आजीची, शेतातली, बाजारातली, एसटी स्टँडवरची. ती फळ्यावर लिहा. कुठलं वाक्य कुठल्याशी जोडलेलं वाटतं, हे त्यांनाच ठरवू द्या; आत्याचं मूळ त्यांना तिथे आपणहून दिसेल. मग त्यातल्या प्रत्येकाशेजारी इंग्रजी वाक्य लिहा आणि ते मोठ्याने, प्रसंगासकट, मुलांकडून बोलवून घ्या. जिथे गेट बसेल तिथे बसवा, जिथे बसत नाही तिथे का बसत नाही तेही दाखवा. आणि निबंधात मुलाने ‘आय गॉट अ प्राइझ’ लिहिलं, तर कृपा करून ते खोडू नका.